आधी गटिंग बदला, मग रॅकेट

टेनिस रॅकेटच्या निवडीबद्दल आलेल्या प्रश्नांची उत्तरं या अंकात देत आहोत. सगळ्या पत्रांत एक गोष्ट सारखीच दिसली. रॅकेटचं मॉडेल, रंग, साल अगदी तपशीलवार लिहिलेलं असतं, पण तिच्या गटिंगचा, म्हणजे तिच्यात कोणती स्ट्रिंग (तार) भरली आहे, ती किती पाउंडांच्या ताणावर ओढली आहे आणि कधी घातली, याचा पत्ता नसतो. पुढच्या वेळी एवढं जरूर लिहा. निम्मं उत्तर तिथेच असतं.

प्रश्न (पुणे): वय ४७. आठवड्यातून तीन दिवस सकाळी डबल्स खेळतो. चार महिन्यांपूर्वी १०० चौरस इंच हेडची (हेड म्हणजे तारा असलेला गोल भाग), ३०० ग्रॅम वजनाची, जाड फ्रेमची रॅकेट घेतली. दुकानातूनच पॉलिएस्टरचं गटिंग ५६ पाउंडांवर करून मिळालं. आता उजव्या कोपराच्या बाहेरच्या बाजूला दुखतं, चहाचा कप उचलतानाही कळ येते. दुकानदार म्हणतात, तुम्हाला ही जड पडते, २६० ग्रॅमची घ्या. घेऊ का?

उत्तर: नका घेऊ. हलकी रॅकेट म्हणजे हाताला सोपी रॅकेट, हा या खेळातला सगळ्यात महागात पडणारा गैरसमज आहे. चेंडूचं वजन नियमानुसार ५६ ते ५९.४ ग्रॅम असतं आणि तो तारांवर फार तर पाच मिलिसेकंद टिकतो. तेवढ्यात रॅकेट मागे ढकलली जाते, आणि फटका मध्यावर बसला नसेल तर हातात पिळवटतेसुद्धा. रॅकेटमध्ये वस्तुमान असेल तर हा धक्का तीच गिळते. नसेल तर उरलेला हिशोब मनगट आणि कोपर चुकतं करतात. त्यात २६० ग्रॅमच्या बहुतेक रॅकेट्समध्ये कमी वजनाची भरपाई म्हणून फ्रेम कडक केलेली असते आणि वजन डोक्याकडे सरकवलेलं असतं. नेटवर व्हॉली मारताना ती हातात फिरते, ती फिरू नये म्हणून तुम्ही मूठ अधिक आवळता, आणि आवळलेल्या मुठीचा सगळा भार कोपराच्या त्याच बाहेरच्या हाडाला चिकटलेल्या स्नायूंवर येतो.

तुमच्या रॅकेटचं वजन ठीक आहे. गडबड दोन ठिकाणी आहे, फ्रेमच्या कडकपणात आणि त्याहून जास्त गटिंगमध्ये.

फ्रेमचा कडकपणा ‘आरए’ या अंकात सांगतात. हा अंक रॅकेटवर छापलेला नसतो, पण विक्रेते मोजून देतात. तारा घातल्यावरचा आकडा नुसत्या फ्रेमपेक्षा तीन-चार अंकांनी कमी येतो, म्हणून तुलना करताना दोन्ही आकडे एकाच प्रकारचे आहेत ना, ते पाहा. ढोबळमानाने ६२ च्या खाली लवचीक, ६३ ते ६७ मधलं आणि ६८ च्या वर कडक. बॅबोलाटची प्युअर ड्राइव्ह ७० च्या आसपास असते. विल्सनने २०१९ मध्ये आणलेली क्लॅश ५५ च्या आसपास. कडक फ्रेम आदळताना कमी वाकते, त्यामुळे चेंडूला जास्त ऊर्जा परत मिळते. फुकटचा वेग मिळतो तो असा. पण तो वेग घेताना धक्काही जास्त येतो, आणि त्याच्या जोडीला पॉली ५६ पाउंडांवर असेल तर धक्का मऊ करणारं काहीच उरत नाही.

पॉलिएस्टर, म्हणजेच पॉली, ही मुळात जोरात फिरवून टॉपस्पिन (चेंडूला पुढच्या दिशेने गिरकी) मारणाऱ्यांची स्ट्रिंग. ब्राझीलच्या गुस्ताव्हो कुएर्टेनने १९९७ ची फ्रेंच ओपन लक्झिलॉन कंपनीच्या पॉलीवर जिंकली, आणि तिथून ती जगभर पसरली. ती कडक असते, टिकते, आणि तारा सरकून झटकन जागेवर परत येत असल्याने स्पिन चांगला मिळतो. पण हा फायदा साधारण १२ ते १५ तासांच्या खेळापुरता. पुढे ती मरते. ताण उतरलेला असतो, पण तार मऊ होत नाही, तिच्यातली उसळी तेवढी जाते. व्यावसायिक खेळाडू दर सामन्याला गटिंग बदलतात, कॉलेजातली पोरं ती तोडतात. तुमच्यासारख्या डबल्सवाल्याची पॉली तुटत नाही, म्हणून ती चार महिने तशीच राहते. कोपराला सगळ्यात वाईट स्ट्रिंग म्हणजे न तुटलेली जुनी पॉली.

आता करायचं काय? जुनं गटिंग कापून टाका. कापताना मधल्या तारांपासून सुरुवात करून चारही बाजूंनी बाहेर जा. एका कडेने कापत गेलात तर एका बाजूचा ताण अचानक सुटतो आणि फ्रेमवर ओढ येते. मग मल्टिफिलामेंट (अनेक बारीक धागे एकत्र करून बनवलेली मऊ तार) घाला, १.३० मिलिमीटर जाडीची, ५० ते ५२ पाउंडांवर. विल्सन एनएक्सटी, टेक्निफायबर एक्स-वन बायफेज, हेड व्हेलॉसिटी, यांतली जी मिळेल ती. खिशाला जड वाटली तर साधी सिंथेटिक गट (नायलॉनची तार) ५२ ला घाला, पॉलीपेक्षा हातासाठी ती कधीही बरी. सुरुवातीला चेंडू दोन-तीन फूट लांब जाईल. ताण वाढवू नका. थोडा वेळ द्या, फॉलो-थ्रू पूर्ण करा, हात जुळवून घेतो.

मुठीचं मापही तपासा. रॅकेट धरल्यावर दुसऱ्या हाताची तर्जनी बोटांची टोकं आणि तळव्याच्या मांसल भागाच्या मधल्या फटीत अलगद बसली पाहिजे. ती शिरतच नसेल तर मूठ बारीक आहे. दोन्हीकडे मोकळी जागा राहत असेल तर मूठ जाड आहे. एल-२ म्हणजे सव्वाचार इंच, एल-३ म्हणजे चार पूर्णांक तीन अष्टमांश इंच. एका ओव्हरग्रिपने (मुठीवर गुंडाळायच्या पातळ पट्टीने) साधारण अर्ध्या मापाची वाढ होते. पुरुषांनी बारीक मूठ घ्यायची फॅशन सध्या आहे, ती टॉपस्पिनवाल्यांना चालते. तळवा घामेजला की बारीक मूठ आवळावी लागते, आणि आवळणं हेच कोपराचं दुखणं.

शेवटी, दुखणं रॅकेटमधूनच आलंय असं धरून चालू नका. चेंडू उशिरा गाठून, कोपर पुढे काढून मारलेला एकहाती बॅकहँड कुठल्याही रॅकेटने कोपर बिघडवतो. भिजलेले जड चेंडू आणि स्वस्तात मिळणारे बिनदाबाचे चेंडूही त्यात भर घालतात. टेनिस एल्बो, म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूचं हे दुखणं, व्हायला टेनिस लागतंच असंही नाही. सचिन तेंडुलकरला तो २००४ मध्ये क्रिकेट खेळून झाला आणि पुढच्या वर्षी शस्त्रक्रिया करावी लागली. कप उचलताना कळ येते म्हणजे तुमचं दुखणं खेळापुरतं राहिलेलं नाही. आधी अस्थिरोगतज्ज्ञ किंवा फिजिओथेरपिस्टला दाखवा, खेळ थांबवा, नवं गटिंग तोवर रॅकेटमध्ये वाट बघेल. बोटांत मुंग्या येत असतील किंवा रात्री झोपेतही दुखत असेल तर दाखवायला उशीर करूच नका. परत खेळायला लागल्यावर मऊ गटिंगवर दीड-दोन महिने काढा, आणि तरीही कोपर बोलत असेल तर मग फ्रेम बदलण्याचा विचार करा. ती ६३ च्या आतल्या आरएची, ३०० ग्रॅमच्या आसपासची असू द्या. प्रो केनेक्सची, फ्रेममध्ये सुटे दाणे भरलेली मॉडेल्स याच कामासाठी ओळखली जातात, मात्र आपल्याकडे ती सहज मिळत नाहीत.

प्रश्न (कोल्हापूर): वय १९, विद्यापीठाच्या स्पर्धा खेळतो. टॉपस्पिन भरपूर आहे, पण चेंडू बेसलाइनच्या बाहेर जातो. सध्या १०० चौरस इंच, १६ बाय १९ (१६ उभ्या, १९ आडव्या तारा). मित्र म्हणतात ९८ इंचाची, १८ बाय २० पॅटर्नची घे, कंट्रोल येईल. आणखी एक, फेडररचं मॉडेल घ्यावं असं फार वाटतं. दर दहा-बारा दिवसांनी स्ट्रिंग तुटते ते वेगळंच.

उत्तर: चेंडू कधी बाहेर जातो ते आधी बघा. नवीन गटिंगवर पहिले तीन-चार दिवस आत पडतो आणि मग जायला लागतो, असं असेल तर रॅकेटचा काही दोष नाही. पॉली सैल पडली की चेंडू तारांवरून जास्त उंच कोनात सुटतो. तेव्हा दोन पाउंड वाढवून बघा, किंवा गटिंग आठवडाभरातच कापा. पहिल्या दिवसापासूनच बाहेर जात असेल तर पुढचं वाचा.

१०० आणि ९८ यांच्यात लोक समजतात तेवढं अंतर नाही. दोन चौरस इंच म्हणजे हेडच्या रुंदीत जेमतेम अडीच-तीन मिलिमीटर, आणि प्रत्येक कंपनीची मोजायची पद्धतही थोडी निराळी. खरा फरक पडतो तो फ्रेमच्या जाडीने. ९८ च्या रॅकेट्स साधारण २१ ते २३ मिलिमीटर जाडीच्या, चौकोनी घडणीच्या आणि लवचीक असतात. १०० च्या ‘पॉवर’ रॅकेट्स मध्यभागी २६ मिलिमीटरपर्यंत जाड असतात. फ्रेम बारीक आणि लवचीक असली की ती वेग कमी देते, म्हणजे पूर्ण जोराने फिरवूनही चेंडू आत पडतो. कंट्रोल म्हणतात तो एवढाच. त्याची किंमतही असते: थकल्यावर, धावत जाऊन मारलेल्या फटक्यांत आणि दुसऱ्या सर्व्हिसवर रॅकेट मदत करत नाही. तिसऱ्या सेटमध्ये चेंडू सर्व्हिस लाइनजवळ आखूड पडायला लागतो.

१८ बाय २० चा पॅटर्न दाट असतो. तारा कमी सरकतात, चेंडू खालच्या कोनात सुटतो. सपाट मारणाऱ्याला ते उत्तम. तू भरपूर टॉपस्पिन मारतोस, त्यामुळे पहिले दोन आठवडे चेंडू नेटमध्ये जातील, मग तू ते टाळायला रॅकेट आणखी उभी घासशील, आणि खांदा थकेल. तुला ९८ इंची, १६ बाय १९ ची, ३०५ ग्रॅमच्या आसपासची रॅकेट सुचवतो. विल्सन ब्लेड, बॅबोलाट प्युअर स्ट्राइक, हेड रॅडिकल, या तिन्ही या वर्गात येतात. त्यातही उसनी घेऊन खेळून बघ, सरळ विकत घेऊ नकोस.

फेडररचं म्हणशील तर त्याच्या सहीच्या मॉडेलचं वजन बिनातारांचं ३४० ग्रॅम होतं. तारा आणि ओव्हरग्रिप धरून ते ३६० च्या घरात जातं. आणि ज्याच्या नावावर ही रॅकेट विकली गेली, तो स्वतः वर्षानुवर्षं ९० इंची वापरून २०१४ मध्ये ९७ वर आला तो जास्त मदत हवी म्हणून. व्यावसायिक खेळाडूंच्या हातातली रॅकेट बरेचदा दुकानातली नसतेही. जुन्या साच्याच्या फ्रेमवर नव्या मॉडेलचा रंग चढवलेला असतो, वजन आणि तोल त्या खेळाडूच्या मागणीप्रमाणे केलेला असतो. रंग बघून रॅकेट घेणाऱ्यांना हे कोणी सांगत नाही.

स्ट्रिंग कुठे तुटते ते बघ. हेडच्या मध्यभागी, उभी तार आडव्या तारेच्या घर्षणाने खाचा पडून तुटत असेल तर ती नुसती झीज आहे. १.२५ वरून १.३० वर जा. कडेला, फ्रेमजवळ तुटत असेल तर एकतर फटके मध्यावर बसत नाहीत, किंवा ग्रॉमेट, म्हणजे तार ओवायची प्लास्टिकची नळी, फुटून तार थेट ग्राफाइटच्या धारेवर घासतेय. ग्रॉमेटची पूर्ण पट्टी बदलून मिळते. बाकी, महिन्याला तीन-तीन गटिंग करत असशील तर सुट्या पाकिटांऐवजी २०० मीटरचं रीळ घे. एका रॅकेटला १२ मीटर धरले तरी १६ गटिंग होतात. तुझा हात आता दुखत नाही, म्हणून पूर्ण पॉली चालेल, पण ४८-५० पाउंडांच्या वर जायचं कारण नाही. खांदा किंवा मनगट कुरकुरायला लागलं तर उभ्या तारा पॉलीच्या ठेवून आडव्या मल्टिफिलामेंटच्या घाल.

प्रश्न (नाशिक): एकाच मॉडेलच्या दोन रॅकेट्स घेतल्या, दोन्हींवर ३०० ग्रॅम वजन आणि ३२० मिलिमीटर तोल छापलाय. पण एक हातात हलकी आणि चपळ वाटते, दुसरी जड. दुकानदार म्हणतो, मनाचा खेळ आहे.

उत्तर: मनाचा खेळ नाही. कारखान्यातून येणाऱ्या रॅकेट्समध्ये छापील वजनापेक्षा सात ग्रॅम इकडे-तिकडे आणि तोलात सात मिलिमीटर इकडे-तिकडे एवढी सूट बऱ्याच कंपन्या धरतात. एक २९४ ग्रॅमची आणि दुसरी ३०६ ची, तरी दोन्हींवर ३०० च छापतात.

घरी मोजता येतं. स्वयंपाकघरातला एक ग्रॅमपर्यंत दाखवणारा डिजिटल काटा घ्या, वर वाटी उपडी ठेवून काटा शून्यावर आणा आणि वाटीवर रॅकेट आडवी ठेवा, म्हणजे ती काट्याच्या कडांना टेकणार नाही. मग तोल. टेबलावर एक षट्कोनी पेन्सिल चिकटपट्टीने पक्की करा, तिच्यावर रॅकेट आडवी ठेवून मागे-पुढे सरकवा. दोन्ही टोकं टेबलापासून सारख्या उंचीवर तरंगली की तिथे फ्रेमवर पेन्सिलीने बारीक खूण करा. मुठीच्या बुडापासून खुणेपर्यंतचं अंतर म्हणजे तोल. दोन्ही रॅकेट्समध्ये सारखंच गटिंग आणि सारखीच ओव्हरग्रिप असली पाहिजे. तारांचे १५-१८ ग्रॅम सगळे डोक्याकडे असतात, त्यामुळे ३२० चा तोल गटिंगनंतर ३३० च्या आसपास जातो. उलट पाच ग्रॅमच्या ओव्हरग्रिपने तो तीनेक मिलिमीटर मुठीकडे येतो. दुकानदार ‘पॉइंट’मध्ये बोलत असतील तर एक पॉइंट म्हणजे एक अष्टमांश इंच, सव्वातीन मिलिमीटरला थोडा कमी. २७ इंची रॅकेटचा मध्य ३४३ मिलिमीटरवर येतो, म्हणून तारांसकट ३३० म्हणजे चार पॉइंट हेड-लाइट, म्हणजे तोल मध्यापेक्षा तेवढा मुठीकडे.

समजा, एक २९८ ग्रॅमची आणि ३१८ वर तोलणारी निघाली, दुसरी ३०६ ग्रॅमची आणि ३२५ वाली. वजनाला तोलाच्या अंतराने गुणा, दोन्ही गुणाकारांतला फरक काढा आणि त्याला वजनांतल्या आठ ग्रॅमच्या फरकाने भागा. उत्तर येतं साधारण ५८६ मिलिमीटर. म्हणजे हलक्या रॅकेटला बुडापासून साडेअठ्ठावन्न सेंटिमीटरवर आठ ग्रॅम लावले की वजन आणि तोल दोन्ही जुळतात. हेडला घड्याळाची तबकडी मानलं तर ही जागा दहा आणि दोनवर येते, तेव्हा दोन्हीकडे चार-चार ग्रॅम. शिशाची अर्धा इंच रुंद पट्टी इंचाला साधारण अर्धा ग्रॅम भरते, म्हणजे दर बाजूला चार इंचांचे दोन थर, फ्रेमच्या आतल्या अंगाला, ग्रॉमेटच्या कडेने. शिसं हाताळल्यावर हात धुवा, आणि घरात लहान मूल असेल तर टंगस्टनची पट्टी घ्या.

हे सगळं करायचं कारण ‘स्विंगवेट’. फिरवताना रॅकेट किती जड लागते त्याचं हे माप. ते वजनावर अवलंबून असतंच, पण ते वजन मुठीपासून किती लांब आहे यावर फार जास्त, कारण अंतराचा वर्ग होतो. टोकाला तीन ग्रॅम लावले तर स्विंगवेट दहा अंकांनी वाढतं आणि हाताला लगेच कळतं. तेच तीन ग्रॅम मुठीत घातले तर काहीच कळत नाही. क्लबमध्ये खेळणाऱ्याला तारांसकट ३१० ते ३२५ पुरतं. ३३० च्या वर सर्व्हिसला हात मागे पडतो, ३०० च्या खाली समोरच्याचा वेगवान चेंडू रॅकेट मागे ढकलतो.

प्रश्न (ठाणे): मुलगी नऊ वर्षांची, उंची १३२ सेंटिमीटर. पुढे दोन-तीन वर्षं चालेल म्हणून २७ इंची हलकी रॅकेट घ्यावी का?

उत्तर: नको. कपडे वाढत्या अंगाचे घेता येतात, रॅकेट नाही. लांब रॅकेट पेलत नाही म्हणून मूल मूठ वर धरतं, कोपर अंगाला चिकटवून मनगटाने मारतं, आणि ती सवय पुढे प्रशिक्षकाला वर्षभर मोडत बसावी लागते. तिला ताठ उभं करून हात खाली सोडायला सांगा आणि हातात रॅकेट द्या. टोक जमिनीला जेमतेम टेकलं तर माप बरोबर. तिच्या उंचीला २५ इंची येईल, २६ इंची साधारण दहा-अकराव्या वर्षी. आठवड्यातून दोनदा खेळत असेल तर ॲल्युमिनियमची पुरे. चार-पाच दिवस जात असेल तर ग्राफाइटची घ्या, धक्का कमी लागतो. चेंडूही बघा. दहा वर्षांखालच्या स्पर्धांत नेहमीचा पिवळा चेंडू २०१२ पासून आंतरराष्ट्रीय नियमांतच बसत नाही. नारिंगी चेंडू निम्म्या वेगाचा असतो, हिरवा पाऊण. तिच्या अकादमीत नऊ वर्षांच्या मुलांना पूर्ण वेगाचे चेंडू देत असतील तर रॅकेटआधी त्यावर बोला.

प्रश्न (रत्नागिरी): नॅचरल गट हाताला सर्वांत मऊ म्हणतात. घालावी का?

उत्तर: मऊ आहेच. तीनशे रुपयांची असो की तीन हजारांची, तेवढी उसळी आणि तेवढा काळ ताण धरून ठेवणं दुसऱ्या कुठल्या स्ट्रिंगला जमलेलं नाही. बॅबोलाट १८७५ पासून ती बनवते आहे. पण ती गुरांच्या आतड्यापासून बनते, काहींना ती त्यामुळेच नको असते, आणि कोकणातल्या दमट हवेशी तिचं अजिबात जमत नाही. ओल लागली की धागे सुटतात, तार केसाळ होते आणि मग केव्हाही तुटते. डिसेंबर ते मार्च घालायची हौस करून बघा. जून ते ऑक्टोबर मल्टिफिलामेंट, दुसरं काही नको.

प्रश्न (नागपूर): डॅम्पनर (तारांमध्ये अडकवायचं छोटं रबर) लावल्याने कोपर वाचतं का? आणि रॅकेट गाडीच्या डिकीत ठेवली तर चालते का?

उत्तर: डॅम्पनरने फक्त आवाज बदलतो. तारांची झणझण तो थांबवतो, पण कोपरापर्यंत जातो तो फ्रेमचा धक्का आणि तिचं मंद कंपन, त्याला दोन ग्रॅमचं रबर काही करू शकत नाही. आवडत असेल तर लावा, मात्र नियमानुसार शेवटच्या आडव्या तारेच्या बाहेर.

डिकीचं उत्तर ‘नाही’. मे महिन्यात नागपुरात उन्हात उभ्या गाडीत तारा इतक्या सैलावतात की सकाळी केलेलं ५२ चं गटिंग संध्याकाळी वेगळ्याच रॅकेटसारखं खेळतं. ग्रिपचा गोंदही सुटतो.

प्रश्न (सिंगापूर): वडील साताऱ्याला असतात, वय ६८, रोज डबल्स खेळतात. जुनी ॲल्युमिनियमची रॅकेट आहे. पुढच्या महिन्यात येताना चांगली रॅकेट आणायची आहे. वापरलेली पण वरच्या दर्जाची घ्यावी की नवी?

उत्तर: वडिलांना मोठं हेड द्या, १०४ ते १०७ चौरस इंच. हॉवर्ड हेड या अमेरिकी अभियंत्याने १९७६ मध्ये प्रिन्स कंपनीची ११० इंची रॅकेट बाजारात आणली, त्या वेळी लाकडी रॅकेट्स ६५ च्या आसपास असत आणि लोक तिला हसले होते. पण मध्यापासून हुकलेला फटकाही नीट जातो, हा मोठ्या हेडचा फायदा साठीनंतर सोन्यासारखा असतो. वजन बिनातारांचं २७५ ते २९०, त्याहून कमी नको. तोल ३२५ च्या आसपास. लांबी २७ इंचच ठेवा. साडेसत्तावीसची लांब रॅकेट सर्व्हिसला बरी, पण नेटवर जड पडते, आणि डबल्समध्ये नेटवरच उभं राहायचं असतं.  मूठ त्यांच्या जुन्या रॅकेटच्या मापाची, आणि सांधे आखडलेले असतील तर अर्धं माप जाड. जाड मूठ कमी आवळावी लागते.

वापरलेली घ्यायला हरकत नाही. ग्राफाइट वर्षानुवर्षं टिकतं, फक्त ती हातात घेऊन तपासा. बंपर गार्ड (हेडच्या टोकावरची प्लास्टिकची पट्टी) घासून पार झिजला असेल आणि खालचं ग्राफाइट उघडं पडलं असेल तर ती कोर्टावर बरीच आपटलेली आहे. रंगाचे टवके चालतील. रेषेसारखी भेग, विशेषतः हेड आणि दांडा जुळतात त्या दुबेळक्यापाशी किंवा हेडच्या दहा आणि दोनवर, चालणार नाही. नखाने ओढून बघा, नख अडकलं तर ती भेग आहे. बोटाच्या पेराने फ्रेमवर ठकठक करत फिरा, एखाद्या ठिकाणी आवाज बद्द झाला तर आत काहीतरी सुटलं आहे. टेबलावर पालथी ठेवून हेड डुगडुगत नाही ना, तेही पाहा.

गटिंग तिकडूनच करून आणा, मल्टिफिलामेंट, ४८ ते ५० पाउंड, आणि सोबत तीच दोन पाकिटं जास्तीची. आकडा आणि तारीख चिठ्ठीवर लिहून दांड्याला चिकटवा. साताऱ्यात पुढचं गटिंग बहुधा बॅडमिंटनवाल्याकडेच होईल, आणि त्याचं यंत्र हाताने फिरवायचं, ताण येताच कुलूप लागणारं असेल. अशा यंत्रावर त्याच आकड्याला तार थोडी सैल बसते, म्हणून त्याला ५२ सांगायचं. फ्रेम सहा ठिकाणी धरणारा आधार यंत्राला आहे का, ते वडिलांना आधी बघून यायला सांगा. दोनच टोकांवर धरणाऱ्या यंत्रावर मोठ्या हेडचा आकार बिघडू शकतो.